निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे, आणि यंदा ते लिहिण्याची आज्ञा संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकास केली. कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार चालू असतानाच आमच्या विष्णुपुरीत एक लहानसा प्रसंग घडला. नात्याने चुलते लागणारे एक वृद्ध गृहस्थ सायंकाळी घरी आले. हातात निकालाची नक्कल होती. गोदावरीकाठच्या शेताच्या बांधावरून चाललेला त्यांचा दावा खर्चासह फेटाळला गेला होता. न्यायाधीशांनी मोजणीचा नकाशा बाजूस सारून प्रतिपक्षाच्या साक्षीदारांवर विश्वास ठेवला, हे त्यांस मुळीच पटले नव्हते. वैद्याने भलते औषध दिले तर त्याच्यावर फिर्याद होते, कंत्राटदाराने बांधलेली भिंत पडली तर भरपाई मागता येते, मग न्यायाधीशाने चुकीचा निकाल दिला तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा का लावता येऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. आणि तसा दावा लावणारा एखादा वकील पाहून द्यावा, एवढ्यासाठी काका आले होते.

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात असा दावा खरोखरच लागला, न्यायाधीशांवर लाखो रुपयांचा हुकूमनामा झाला आणि एका वृद्ध काझीस त्यात प्राणास मुकावे लागले. ही हकीकत पुढे येईलच. परंतु त्याच दशकात पुण्यास दुसरा एक न्यायाधीश असा होता की, ज्याच्या मागे कायद्याचे कसलेही कवच नव्हते, आणि ज्याने निकाल दिला तो प्रत्यक्ष आपल्या धन्याविरुद्ध. काकांच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मन त्या पुरुषापाशी येऊन थांबले, आणि चरित्रनायकाची निवड आपोआप झाली. रामशास्त्री प्रभुणे आपल्या ज्ञातीचे किंवा कसे, असे कोणी विचारील. त्यास एवढेच सांगणे आहे की, ज्याच्या पुढे वादी आणि प्रतिवादी यांचे कुळ गौण ठरत असे, त्याचे कुळ आपण तरी कशाला काढावे?

साताऱ्यानजीक कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर क्षेत्र माहुली हे गाव आहे. तेथील प्रभुणे घराण्यात, अठराव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात रामशास्त्र्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव विश्वनाथ. घरची स्थिती बेताचीच होती, आणि विद्येच्या नावाने तर प्रथम शून्यच होते. परंपरा अशी सांगते की, विशीच्या आसपास पोहोचेपर्यंत त्यांस अक्षरओळखही धड नव्हती व साताऱ्याच्या अनगळ सावकारांच्या पदरी ते शागिर्दीचे काम करीत. एके दिवशी सावकाराच्या पायांवर पाणी घालीत असता त्यांची दृष्टी धन्याच्या कानातील भिकबाळीवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडे गेली. सावकाराने चिडून टोमणा मारला की, असले दागिने घालावयाचे तर अंगी विद्या किंवा पराक्रम असावा लागतो. तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. चाकरी सोडून ते काशीस गेले, आणि ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते त्या वयात त्यांनी ते आरंभिले. या कथेतील भिकबाळी खरी की नंतर कोणी घातलेली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उशिरा शिकलेला हा मनुष्य धर्मशास्त्रात असा पारंगत झाला की, इ. स. १७५१ च्या सुमारास पेशव्यांच्या दरबारी त्यांचा प्रवेश झाला, आणि न्यायाधीश बाळकृष्णशास्त्री गाडगीळ यांच्या पश्चात इ. स. १७५९ मध्ये त्या पदाची वस्त्रे त्यांस मिळाली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १७६० च्या आरंभी, आपल्या लातूर भागातील उदगीर येथे भाऊसाहेबांनी निजामाचा पराभव केला. मराठी सत्तेच्या परमोच्च वैभवाचा तो क्षण होता, आणि पुढल्याच वर्षी पानिपत झाले.

त्या काळचे न्यायाचे काम कसे चाले हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्या विषयाचे बीज त्यातच आहे. वाद प्रथम गावच्या गोतापुढे जाई. तेथे समाधान न झाल्यास परगण्याच्या देशमुख देशपांड्यांच्या सभेपुढे, आणि शेवटी पुण्यास. अग्रवादी व पश्चिमवादी, म्हणजे आजचे वादी व प्रतिवादी, यांच्या लेखी तकरिरी घेतल्या जात. परंतु चौकशीस हात घालण्यापूर्वी दोघांकडूनही राजीनामा लिहून घेत. राजीनामा म्हणजे आजच्यासारखे नोकरी सोडल्याचे पत्र नव्हे. सभा जो निवाडा करील तो आपणांस मान्य आहे, अशी लेखी राजीखुशी. त्या शब्दाला आज आलेला अर्थ पाहून जुन्या कारकुनांना हसू आले असते. राजीनाम्याच्या जोडीला जामीन असे, म्हणजे निवाड्याप्रमाणे वर्तेन याची हमी. ज्या ठिकाणच्या सभेचा एखाद्या पक्षाला भरवसा वाटत नसे, त्याला परस्थळ मागता येई. दुसऱ्या गावची निःपक्षपाती मंडळी मग तो वाद ऐकत. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई, आणि सर्वांवर कळस म्हणजे हरलेल्या पक्षाने यजितखत लिहून द्यावे लागे. आपण खोटे पडलो, यापुढे या गोष्टीविषयी प्रतिपक्षाशी आपला काही एक वाद राहिला नाही, असे त्यात हरलेला मनुष्य आपल्या हाताने कबूल करी.

न्याय करणाऱ्यावर दावा लावू नये असा स्वतंत्र कायदा मराठेशाहीत नव्हता, आणि तसा तो लागतही नव्हता. आरंभीचा राजीनामा आणि अखेरचे यजितखत या दोन कागदांच्या मध्ये न्याय करणारी सभा सुरक्षित बसलेली असे. न्याय मागण्यापूर्वीच तक्रार करण्याचा मार्ग दाखविलेला असे, तो म्हणजे परस्थळ किंवा वरची सभा. न्यायाधीशाच्या घरादारावर जप्ती आणणे हा नव्हे. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. दिव्यासारखे भयंकर प्रकार तिच्यात होते, आणि हरकीच्या रकमेवर नजर ठेवणारे कमाविसदारही होतेच. शिवाय एक मोठी उणीव होती. पुण्याच्या न्यायाधीशाचा निवाडा अमलात येई तो पेशव्यांच्या नावाने आणि अधिकाराने. रयतेपैकी कोणी हरला तर न्यायाधीशामागे सरकार उभे राही. परंतु सरकारच गुन्हेगार निघाले तर न्यायाधीशामागे कोणी उभे राहावयाचे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

थोरल्या माधवरावांच्या काळात हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तो धनी न्यायाची चाड बाळगणारा होता. धनी आणि न्यायाधीश यांचे नाते कसे होते, हे दाखविणारा एक प्रसंग ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदविला आहे. माधवराव तरुणपणी जपतपात फार वेळ घालवू लागले होते. रामशास्त्री एकदा कामानिमित्त गेले असता श्रीमंत ध्यानस्थ बसलेले दिसले, तेव्हा ते काही न बोलता परतले आणि दुसऱ्या दिवशी काशीस जाण्याची रजा मागू लागले. माधवरावांनी झाल्या गोष्टीची सारवासारव केली. ब्राह्मणाने धर्मकृत्ये करण्यात वावगे काय, असेही विचारले. त्यावर शास्त्रीबोवांनी सांगितले की, ब्राह्मणाचे आचार पाळावयाचे असतील तर मग उभयता गंगातीरी जाऊन राहू. परंतु क्षत्रियाचे सिंहासन स्वीकारले असेल तर रयतेचे रक्षण हेच अनुष्ठान, आणि त्यात कसूर झाल्यास जपाने ती भरून निघत नाही. माधवरावांनी त्या दिवसापासून आपला क्रम बदलला. अशा रीतीने बोलणारा न्यायाधीश आणि ते ऐकून घेणारा धनी एकाच काळी जन्मास यावे, हा त्या पिढीचा भाग्ययोग होय.

रामशास्त्र्यांच्या घरातील साधेपणाविषयी अनेक कथा आहेत. एका दिवसास पुरेल त्याहून अधिक धान्य ते घरात ठेवीत नसत, असे ग्रँट डफही सांगतो. दुसरी कथा त्यांच्या पत्नीची. पेशव्यांच्या वाड्यात एकदा त्या माउलीस हळदीकुंकवास बोलाविले. न्यायाधीशाच्या पत्नीच्या अंगावर फुटका मणी नाही हे पाहून राजस्त्रियांनी तिला वस्त्रालंकारांनी नटविले व पालखीतून घरी पाठविले. पालखी दाराशी आली तेव्हा शास्त्रीबोवांनी दार लावून घेतले आणि आतून कळविले की, भोयांनी घर चुकविले आहे, ही कोणी श्रीमंताघरची बाई दिसते. दागिने उतरवून, नेसूचे साधे लुगडे नेसून ती पायी आली तेव्हाच दार उघडले. स्त्रीवाचकांस या कथेत शास्त्रीबोवा कठोर वाटतील, आणि तसे वाटण्यास जागाही आहे, कारण त्या बिचारीचा अपराध तो काय? परंतु न्यायाधीशाच्या घरात वाड्यावरचा दागिना शिरला की उद्या वाड्याविरुद्ध निकाल लिहिताना लेखणी अडखळते, हे ते जाणून होते. तो उद्या इतका लवकर उगवेल असे मात्र त्यांच्याही मनात आले नसेल.

इ. स. १७७२ च्या नोव्हेंबर महिन्यात माधवरावांचा थेऊर येथे अंत झाला. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. वय अवघे सतरा अठरा वर्षांचे, स्वभाव उतावळा. चुलते रघुनाथराव, ज्यांस इतिहास राघोबादादा म्हणून ओळखतो, ते शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकल्याच्या निमित्ताने गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, महमद इसाफ, खरगसिंग हे त्यांचे पुढारी. नारायणराव धावत जाऊन चुलत्याच्या कमरेस मिठी मारून बसले, आणि तेथेच त्यांचे तुकडे झाले. त्यांच्या बचावास आलेली माणसे, वाड्यातील दासी, एक गायदेखील त्या दिवशी मारली गेली, असे सांगतात. पुणे शहर थिजून गेले. थोड्याच काळात राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रे मिळविली, आणि दरबारातील मोठमोठे मुत्सद्दी, ज्यांच्या बुद्धीच्या कथा आपण मुलांना सांगतो, ते खाली मान घालून कामास लागले.

रामशास्त्र्यांनी मात्र आपले दप्तर उघडले. कोणी फिर्याद दिली नव्हती, देणार कोण? मृताची विधवा गंगाबाई कोवळ्या वयाची व गर्भवती. परंतु राज्यात खून झाला आहे आणि आपण न्यायाधीश आहोत, एवढे त्यांस पुरे झाले. सुमारे सहा आठवडे त्यांनी शांतपणे चौकशी चालविली. गारद्यांशी कोणाची बोलणी झाली, पैसा कोणी कबूल केला, तुळाजी पवाराने काय निरोप पोहोचविले, हे धागे उलगडत गेले, आणि गुंतलेल्या इसमांची संख्या पन्नासाच्या घरात गेली. शेवटचा धागा वाड्याच्या आतल्या महालात जात होता. गारद्यांस दिलेला लेखी हुकूम मुळात नारायणरावांस धरावे एवढाच होता व आनंदीबाईंनी त्यातील ध चा मा करून धरावेचे मारावे केले, ही गोष्ट मराठी मुलखात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. ती अक्षरशः खरी आहे काय, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. आमच्या विषयापुरते महत्त्व आहे ते पुढल्या भेटीचे.

रामशास्त्री राघोबादादांकडे गेले आणि त्यांनी तोंडावर आरोप ठेवला. दादांनी नारायणरावास धरण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नव्हे, असे सांगितले आणि या पापास प्रायश्चित्त काय ते विचारले. शास्त्रीबोवांनी उत्तर दिले की, देहान्त हेच प्रायश्चित्त; याखेरीज दुसऱ्या कशाने हे पातक फिटणार नाही, आणि आपण राज्य कराल तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही व आपल्या कारभारास हातही लावणार नाही. एवढे बोलून ते निघाले आणि वाईजवळच्या एका लहानशा खेड्यात जाऊन राहिले.

या उत्तरातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रामशास्त्र्यांनी शिक्षा सांगितली नाही, प्रायश्चित्त सांगितले. आम्हांस वाटते, हे जाणूनबुजून आहे. शिक्षा अमलात आणावयाची ती पेशव्यांच्या अधिकाराने, आणि पेशवा तर समोर आरोपी म्हणून बसलेला. तेव्हा राज्याच्या कायद्याची वाट तेथे खुंटली. पण धर्मशास्त्राचा निर्णय सांगण्यास कोणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. न्यायाधीशाचा अधिकार जेथे संपला तेथे शास्त्र्याचा अधिकार पुढे आला. हे धारिष्ट तर होतेच. परंतु आपल्या अधिकाराची सीमा कोठवर आहे याचे अचूक भानही त्यात होते. नाटकांतून आणि चित्रपटांतून हा प्रसंग आपण पाहतो. खाडिलकरांचे भाऊबंदकी हे नाटक १९०९ सालचे, प्रभातचा रामशास्त्री हा बोलपट १९४४ सालचा. दोन्हींनी तो प्रसंग घरोघर पोहोचविला. पण रंगभूमीवर जो आवेश शोभतो त्याखाली हा बारकावा झाकून जातो.

आता विचार करा, त्या क्षणी त्यांस संरक्षण कशाचे होते? ब्राह्मणास कोणी मारणार नाही, हे म्हणावे तर सहा आठवड्यांपूर्वी ब्राह्मण पेशवाच आपल्या वाड्यात कापला गेला होता. पद जाईल ही भीती त्यांनी स्वतःच पद टाकून निकालात काढली. घर जप्त करावे तर त्यात उद्याचे धान्यही नव्हते. भिकबाळीपासून सुरू झालेली आणि पालखी परत पाठविणारी जी वृत्ती होती, तिचे हे फळ होय. तरीही राघोबादादांनी त्यांच्या केसासही धक्का लावला नाही, हे दादांच्याही पदरी नोंदविले पाहिजे. दादा लवकरच निजामावरील मोहिमेस निघून आपल्या भागाकडे, बिदरच्या रोखाने आले. त्यांच्या पाठीमागे पुण्यास कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले, आणि पुढल्या वर्षी दादांस गुजराथेकडे पळावे लागले.

ज्या १७७३ साली पुण्यात हे घडले, त्याच साली लंडनच्या पार्लमेंटाने कंपनी सरकारसाठी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट मंजूर केला, आणि त्यान्वये पुढल्या वर्षी कलकत्त्यास सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. सर एलिजा इंपे हे त्याचे मुख्य न्यायाधीश. आरंभी ज्या दाव्याचा उल्लेख केला तो याच कोर्टातला. पाटण्यास शाहबाज बेग खान नावाचा एक धनिक सरदार इ. स. १७७६ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची विधवा नादिरा बेगम म्हणे, सर्व मिळकत नवऱ्याने मला लिहून दिली. पुतण्या बहादूर बेग म्हणे, मी दत्तकासमान वारस. पाटण्याच्या प्रांतिक कौन्सिलने वाद काझी व दोन मुफ्ती यांच्याकडे चौकशीस सोपविला. त्यांनी बेगमेचे कागद बनावट ठरवून चौथा हिस्सा तिला आणि बाकीचा पुतण्यास द्यावा असे सांगितले. बेगमेने हिस्सा घेण्याचे नाकारले. घरातून बाहेर काढल्यावर ती एका दर्ग्यात जाऊन बसली, आणि तिच्यावर तेथेही पहारे बसले. अखेर तिने कलकत्त्यास धाव घेतली व पुतण्यासह काझी आणि मुफ्ती यांच्यावर सहा लाख रुपयांचा दावा लावला.

इ. स. १७७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला तीन लाख रुपये देवविले. कौन्सिलला मिळालेला न्यायाचा अधिकार कौन्सिलने परस्पर काझींच्या हाती देणे गैर होते, सबब काझी व मुफ्ती यांनी जे केले ते न्यायाधीश म्हणून केले असे मानता येत नाही, असा कोर्टाचा विचार होता. एवढी रक्कम काझीने आणावी कोठून? कैद करून कलकत्त्यास नेत असता तो वृद्ध वाटेतच मरण पावला. मुफ्ती तुरुंगात पडले. बंगाल बिहारात हाहाकार उडाला, कारण यापुढे कोणता काझी किंवा पंडित कोणत्या श्रीमंताविरुद्ध मत देण्यास धजणार? शेवटी इ. स. १७८१ मध्ये पार्लमेंटाने दुसरा कायदा करून मुफ्तींची सुटका करविली, आणि देशी न्यायालयात न्यायाचे काम करणाऱ्यावर त्याच्या निवाड्याबद्दल सुप्रीम कोर्टात दावा चालणार नाही, असे ठरविले. आपल्या देशात न्यायाधीशास कायद्याने दिलेले पहिले मोठे कवच ते हेच, आणि ते एका काझीच्या मरणाने मिळाले. परंतु आम्हांस त्या बेगमेचाही विसर पडू देणे बरे वाटत नाही. दर्ग्यातून तिला जे सोसावे लागले, त्याची दाद तिने मागावयाची होती तरी कोठे? काझींच्या वरची अपिलाची वाट तिच्यापुढे नीट खुली असती, तर काझींवर दावा लावण्याची वेळ तिजवर कदाचित आली नसती. निवाडा करणाऱ्यास कवच द्यावयाचे तर हरणाऱ्यास वरची पायरी दाखविलीच पाहिजे, हे या दुःखद प्रकरणातून स्पष्ट होते. आपल्याकडील परस्थळाची आणि वरच्या सभेची योजना या दृष्टीने पाहावी.

इकडे पुण्यास बारभाईंचे राज्य स्थिरावले. १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला होता. कारभाऱ्यांनी रामशास्त्र्यांस सन्मानाने परत बोलाविले आणि न्यायासन पुन्हा त्यांच्या हाती दिले. नाना फडणीस संशयी व कडक कारभारी, पण न्यायाच्या कामात शास्त्रीबोवांच्या शब्दास त्यांनी मान दिला. या दुसऱ्या कारकीर्दीत १७७३ सारखा प्रसंग पुन्हा आला नाही, आणि चरित्रकारही येथे घाईने पुढे जातात. परंतु वतनांचे, वारसाचे, दत्तकाचे, कर्जाचे शेकडो वाद ज्यांचे नावही कोणास ठाऊक नाही अशा माणसांसाठी त्यांनी निकालात काढले ते याच वर्षांत, आणि न्यायाधीशाचे खरे आयुष्य त्यातच जाते. दि. २५ ऑक्टोबर १७८९ रोजी त्यांचा अंत झाला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात जुन्या न्यायपद्धतीचे दोष सांगितले असले तरी रामशास्त्र्यांचे नाव त्यास आदराने घ्यावे लागले.

पुढे इंग्रजी अमलात इ. स. १८५० चा अठरावा कायदा आला. न्यायाधीशाने न्यायाचे काम करीत असता जे केले किंवा करविले, त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी दावा चालणार नाही. अधिकाराची सीमा चुकून ओलांडली गेली तरीही, आपणांस अधिकार आहे असे त्याने सद्भावनेने मानले असल्यास तो सुरक्षित, असे त्यात म्हटले आहे. १८६० च्या दंडसंहितेत ७७ व्या कलमाने फौजदारीपासूनही तसेच रक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते १५ व्या कलमात आहे. १९८५ साली न्यायाधीश संरक्षण अधिनियम होऊन हे कवच अधिक बळकट झाले. मात्र हे कवच निवाड्याचे आहे, लाचेचे नव्हे. जाणूनबुजून भ्रष्ट निकाल देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद देणारे कलमही त्याच दंडसंहितेत होते, आणि न्यायाधीशही लाचलुचपतीच्या कायद्याखाली येतात असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वीरास्वामी प्रकरणात ठरविले. पालखी दारातून परत पाठविणाऱ्या न्यायाधीशाला या कलमांची गरज नव्हती. पण कायदा सर्वांसाठी करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. अधिकारी न्यायासनावर बसून जे करतो त्यासच हे रक्षण आहे, कचेरीत बसून अंमलदार म्हणून जे करतो त्यास नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दंडाधिकाऱ्यास याच कारणास्तव संरक्षण नाकारले. अटकेचा त्याचा हुकूम न्यायाच्या कामातला नव्हता. आपल्या वडीलधाऱ्यांस हा भेद सहज उमगेल. निजामशाहीत तालुकदार वसुलीही करी आणि न्यायही करी; ही दोन कामे तेथे वेगळी झाली ती इ. स. १९२१ च्या सुमारास. त्यापूर्वी एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पगड्या असत, आणि कोणत्या पगडीने आपणांस लुबाडले हे रयतेस कळत नसे.

हे सर्व त्या दिवशी काकांस सांगितले. पाटण्याच्या काझीचे ऐकून ते हळहळले, पण समाधान झाले नाही. तेव्हा त्यांस एकच विचारले. प्रतिपक्ष तुमच्याहून सधन. उद्या निकाल तुमच्या बाजूने लागला असता आणि हरलेल्यास न्यायाधीशावर दावा लावण्याची मुभा असती, तर तो त्याने लावला असता की नाही? आणि हे ठाऊक असलेला न्यायाधीश तुमच्या बाजूने निकाल देताना किती वेळा थबकला असता? काका बराच वेळ नकलेकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले की, अपिलाची मुदत किती? जिल्हा न्यायालयात तीस दिवस. नकलेवरील तारीख पाहून बोटांवर हिशेब केला, तेव्हा अजून अकरा दिवस शिल्लक होते. मोजणीचा नकाशा पिशवीत होताच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने आम्ही दोघे नांदेडास गेलो.